पान हळू चालतंय म्हणून लगेच रेडिसचा कॅशे लावू नका, आधी क्वेरी मोजा

क्वेरीमोजणी (धागाकर्ता)

लारावेलवर (पीएचपीतलं वेब फ्रेमवर्क) काम करणाऱ्यांत हा प्रश्न सतत येतो: पान उघडायला चार-पाच सेकंद लागतात, काय करू? आणि पहिलं उत्तर ठरलेलं, "कॅशे लाव." म्हणजे तयार उत्तर रेडिससारख्या मेमरीतल्या साठ्यात काही वेळ जपून ठेव. मला हा सल्ला पटत नाही. का, ते एका नेहमीच्या उदाहरणावर सांगतो.

हाउसिंग सोसायटीचं मेंटेनन्स बिलिंग घ्या. थकबाकीच्या पानावर ५० फ्लॅट, प्रत्येकासमोर मालकाचं नाव आणि शेवटचं बिल. ब्लेडच्या (लारावेलचं टेम्प्लेट) लूपमध्ये फ्लॅटचा मालक आणि बिलं मागितली की एलोक्वंट (डेटाबेसमधल्या नोंदी मॉडेल म्हणून देणारा लारावेलचा भाग) दर फेरीला नवी क्वेरी, म्हणजे नवा प्रश्न, घेऊन डेटाबेसकडे धावतं. फ्लॅटांची १, मालकांच्या ५०, बिलांच्या ५०. एका पानाला १०१ क्वेरी. यातली प्रत्येक क्वेरी झटकन होते, त्यामुळे स्लो क्वेरी लॉग उघडलात तर हाती काहीच लागत नाही. डीबगबार (पानाच्या क्वेरी मोजून दाखवणारं पॅकेज) लावा, आकडा समोर दिसतो. कंट्रोलरमध्ये (पानाचा डेटा जमवणारा कोड) 'विथ' लिहून मालक आणि बिलं आधीच मागवली की त्याच पानाला ३ क्वेरी पुरतात.

कॅशे लावलात तर त्या १०१ क्वेरी जात नाहीत. मुदत संपली की ज्याच्या वाट्याला येतील तो ताटकळतो. शिवाय सदस्याने सकाळी पैसे भरले तरी सेक्रेटरीला जुनीच बाकी दिसणार. पैशाच्या पानावर हे खपवून घेऊ नये.

लारावेल ८.४३ पासून, म्हणजे २०२१ पासून, 'प्रिव्हेंट लेझी लोडिंग' आहे: आधी न मागवलेलं नातं ऐनवेळी मागवायला ते मनाई करतं. प्रॉडक्शन सोडून सगळीकडे ते चालू ठेवा. 'विथ' विसरलात की तिथल्या तिथे एक्सेप्शन (एरर) येतं.

रात्रीचा ऑनकॉल

नव्या प्रोजेक्टला हे ठीक आहे. माझ्याकडे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं जुनं ॲप आहे, टेस्ट एकही नाही, आणि मार्चअखेरीस सगळे एकदम लॉगिन करतात. तेव्हा शंभर कंट्रोलर उघडून 'विथ' लिहीत बसू? डॅशबोर्डला ६० सेकंदांचा कॅशे लावला की सर्व्हर उभा राहतो. आणि जुनी बाकी दिसते हे कारण पटलं नाही. मॉडेलवर ऑब्झर्व्हर (मॉडेल बदललं की आपोआप चालणारा कोड) लावा, बिल सेव्ह झालं की कॅशेतली ती नोंद पुसा. झालं काम.

क्वेरीमोजणी

ऑब्झर्व्हरवर भरवसा ठेवू नका, खरी अडचण तिथेच आहे. बँक स्टेटमेंट आयात करून शंभर बिलं एका 'अपडेट' क्वेरीत "भरलं" केलीत, तर एलोक्वंट मॉडेलचे इव्हेंट सोडतच नाही. ऑब्झर्व्हर जागा होत नाही, कॅशेतली नोंद पुसली जात नाही. मॅन्युअली एक बिल भरून बघणाऱ्याला सगळं बरोबर दिसतं; चूक फक्त आयातीनंतर दिसते, आणि तीही मुदत संपेपर्यंतच. असा बग शोधायला दिवस जातो.

अडल्या रात्री ६० सेकंदांचा कॅशे लावा, हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त उघडलं जाणारं एक पान घेऊन त्याच्या क्वेरी मोजा. शंभर कंट्रोलर कोणी सांगितले?

हायड्रेशनग्रस्त

दोघांनाही विरोध. "विथ लिहा, ३ क्वेरी" हे अर्धंच सांगितलंत. १० वर्षांची मासिक बिलं धरा: ५० फ्लॅट गुणिले १२० म्हणजे ६००० मॉडेल्स मेमरीत भरली, आणि दाखवायची होती ५०! क्वेरी कमी झाल्या, पण पीएचपी त्या ऑब्जेक्टांखाली दबून गेलं. इथे 'लेटेस्ट ऑफ मेनी' वापरून शेवटच्या बिलाचं वेगळं नातं बांधा आणि तेच 'विथ'मध्ये द्या. एकूण बाकी हवी असेल तर 'विथ सम'. बेरीज डेटाबेसलाच करू द्या. आणि कॉलम निवडून मागवत असाल तर फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारा कॉलम) वगळू नका, नाहीतर नातं गुपचूप रिकामं येतं.

इंडेक्सचंही (शोध झटपट व्हावा म्हणून डेटाबेसने ठेवलेली सूची) कोणी नीट बोलत नाही. मायएसक्यूएल डेटाबेसचं इनोडीबी इंजिन फॉरेन कीवर इंडेक्स आपोआप करतं, पोस्टग्रेस करत नाही. एकावरून दुसऱ्यावर गेलेले हमखास इथे अडकतात. तारखेला 'व्हेअर इयर' (तारखेतून वर्ष काढून गाळणं) लावलंत तर कॉलमवरचा साधा इंडेक्सही वाया जातो; १ एप्रिल ते ३१ मार्च अशी सरळ रेंज द्या. एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते सांगणारी कमांड) चालवून बघा, फरक तिथेच दिसेल.

क्वेरीमोजणी

'लेटेस्ट ऑफ मेनी' अगदी बरोबर, माझ्या उदाहरणात तेच हवं. आणखी एक जोडतो: निकालात एकच रेकॉर्ड आलं असेल तर 'प्रिव्हेंट लेझी लोडिंग' एक्सेप्शन टाकत नाही. त्यामुळे टेस्टमध्ये एकच फ्लॅट बनवला तर ती हिरवी होते आणि चूक पुढे सरकते. निदान दोन फ्लॅट बनवा.

रात्रीचा ऑनकॉल

तरी माझा मुद्दा राहतोच. सूचनाफलक, नियमावली, दरपत्रक ही पानं सगळ्यांना सारखी दिसतात आणि क्वचित बदलतात. तिथे एक क्वेरीसुद्धा का करायची? कॅशेला सरसकट शेवटच्या नंबरावर बसवणं हट्टाचं आहे.

क्वेरीमोजणी

त्या पानांना कॅशे पहिल्या दिवसापासून लावा, मान्य. माझा विरोध माणसागणिक आणि पैशागणिक बदलणाऱ्या पानांपुरता.

मोबाइलवरून

तुम्ही सगळे सर्व्हरवरच भांडताय. साध्या फोनवर मोठं जावास्क्रिप्ट बंडल वाचून चालवायलाच वेळ जातो, त्यात देवनागरी फाँटची जड फाइल. लोकांना तेच हळू वाटतं, क्वेरी १०१ असोत की ३.

क्वेरीमोजणी

शक्य आहे, पण अंदाजावर ठरवू नका. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पानाची पहिली रिक्वेस्ट उघडा आणि सर्व्हरचा पहिला बाइट यायला किती वेळ लागतो तो आकडा बघा. तो मोठा असेल तर क्वेरींकडे वळा. तो छोटा असून पान तरीही उशिरा दिसत असेल तर तुमचं म्हणणं बरोबर, आधी बंडल फोडा आणि फाँटमधली न लागणारी अक्षरं काढा. आकडा इथे टाका, मग पुढचं बोलू.