‘सर्व गरज पुरवील’ म्हणताना गरजवंतालाच दोष द्यायचा का?

मोहननगरचा (धागा सुरू करणारा)

बायबलमधलं फिलिप्पैकरांस ४:१९ हे वचन आपल्या नागपुरात कॅलेंडरवर आहे, लग्नपत्रिकेवर आहे, ऑटोच्या मागे पण आहे. “माझा देव आपल्या संपत्त्यनुरूप तुमची सर्व गरज ख्रिस्त येशूच्या ठायी गौरवाच्या द्वारे पुरवील.” वचनाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वापराबद्दल. हल्ली प्रवचनात सर्रास सांगतात की ज्याच्या घरात उणीव, त्याच्या विश्वासात उणीव. हिंगणा एमआयडीसीतलं कंत्राटी काम सुटलेला माणूस, पोरांची फी थकलेली, तो मागच्या बाकावर बसून हे ऐकतो. पुढच्या रविवारी तो येत नाही. मग आपण म्हणतो, “बघा, थंड पडला.”

चौथा अध्याय सलग वाचा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली, आणि हे पत्र म्हणजे त्या मदतीची पोचपावती. देण्याघेण्याच्या बाबतीत तुमच्याशिवाय दुसऱ्या कुठल्याच मंडळीने मला साथ दिली नाही, असं तो १५व्या वचनात लिहितो. मासेदोनियातल्या ह्या मंडळ्या स्वतः कंगाल होत्या, हेही त्यानेच करिंथकरांना कळवलं आहे (दुसरं पत्र, अध्याय ८). म्हणजे ज्यांनी फाटक्या खिशातून दुसऱ्याची गरज भागवली, त्यांना दिलेलं हे वचन. ज्या मंडळीचा गरीब फंड वर्षभर कपाटात पडून असतो, तिने हे वचन गरिबाच्या तोंडावर फेकू नये, एवढंच माझं म्हणणं.

सदरची मेरीमावशी

बाबू, बोललास ते खरं, पण अर्धं. तुझ्या बोलण्यात देव कुठे आहे? सगळं मंडळीनेच करायचं तर प्रार्थना कशाला, कमिटी पुरे.

माझे मिस्टर गेले तेव्हा पोरं लहान होती. एका संध्याकाळी पिठाचा डबा उलटा करून बुडावर थापा मारल्या, तर पोळीभर पीठ पडलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. शेजारणीलाही नाही, लाज वाटायची. रात्री संगतीतली एक बाई पिशवी घेऊन दारात उभी. तूरडाळ, तांदूळ, तेलाचं पाकीट. म्हणाली, “का कोण जाणे, तुमच्याकडे यावंसं वाटलं.” ह्याला तू काय म्हणशील?

पंडिता रमाबाईंचं घे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या आपल्याच मध्य प्रांतात येऊन उपाशी मुली घेऊन केडगावला गेल्या. इतक्या जणींना पोसायचं कसं, ह्याचा हिशेब मांडत बसल्या असत्या तर निराधार बायामुलींचं मुक्ती मिशन उभंच राहिलं नसतं.

कोरा हिशोब

मावशी, राग मानू नका. तुमच्या दारात पिशवी आली ह्याचा आनंदच आहे. पण त्याच संध्याकाळी ज्यांच्या दारात कोणी आलं नाही, ते साक्ष द्यायला उभे राहत नाहीत.

रमाबाईंच्या कामामागे बोस्टनला १८८७ साली स्थापन झालेली अमेरिकन रमाबाई असोसिएशन होती. वर्गणी गोळा करून पाठवणारी माणसं होती. आणि बायबललाच विचारा. रोमी सम्राट क्लौद्याच्या काळात दुष्काळ पडला तेव्हा यहूदियातल्या विश्वासणाऱ्यांकडे आकाशातून काही पडलं नाही. अंत्युखियाच्या लोकांनी ऐपतीप्रमाणे पैसे काढले आणि बर्णबा व शौल (म्हणजे पौलच) यांच्या हाती पाठवले (प्रेषितांची कृत्ये ११). ४:१९ लिहिणारा पौल स्वतःबद्दल काय सांगतो? तहान, भूक, थंडी, उघडेवाघडेपणा (करिंथकरांस दुसरं पत्र ११:२७). त्याची ‘सर्व गरज’ तेव्हा कुठे गेली होती?

माझी खरी अडचण अशी. मिळालं तर देवाने पुरवलं. नाही मिळालं तर ती गरज नव्हतीच, इच्छा होती. उशिरा मिळालं तर देवाची वेळ. जे कधी चुकूच शकत नाही, त्याला वचन कसं म्हणायचं?

सदरची मेरीमावशी

असोसिएशन मलाही ठाऊक आहे. पण दुष्काळातल्या शेकडो मुली तिच्या हिशेबात नव्हत्या. बाकीचं कुठून आलं? आणि समुद्रापलीकडच्या बायकांना केडगाव कुठे आहे हे ठाऊक नसताना त्यांचं मन कोणी हलवलं?

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने हजारो अनाथ मुलं सांभाळली, कोणापुढे हात पसरला नाही.

कोरा हिशोब

हात पसरला नाही, पण वार्षिक अहवाल छापत होता ना? आज किती पैसे उरले, सकाळी दूध कसं आलं, सगळं त्यात. वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं.

ॲशली डाउन

म्युलरबद्दल अर्धवट नको. १८४१च्या अखेरीस हातात पैसे नव्हते, तेव्हा अहवाल काढला तर ते मागितल्यासारखं दिसेल म्हणून त्याने तो मुद्दाम लांबवला. माणूस ढोंगी नव्हता. मात्र त्याच्या संस्थेत मुलांना काम शिकवत, नोकरीला लावत. भरवसा आणि वहीखातं दोन्ही चालायचं.

महालातला राजेहो

मी तुमच्यातला नाही, पण वाचून राह्यलो म्हणून बोलतो. आमच्याकडे म्हण आहे, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’. आळशी माणसाला टोमणा म्हणून वापरतात ती. तुमच्यात असा टोमणा नाही का बे कोणाले?

मोहननगरचा

आहे ना भाऊ. “कोणाला काम करण्याची इच्छा नसेल तर त्याने खाऊही नये,” थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र ३:१०. फक्त गंमत बघा, तेही वचन काम शोधणाऱ्यालाच ऐकवतात. ज्याला ठेकेदाराने काढलं त्याची इच्छा कुठे कमी होती?

आशीर्वादित जरीपटका

तुम्ही जुन्या चर्चची माणसं गरिबीची पूजा करता. मलाखी ३:१० वाचा. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, मंदिराच्या भांडारात आणा आणि माझी प्रतीती पाहा, असं देव स्वतः म्हणतो. आमच्या सभेत रिक्षा चालवणारा भाऊ येतो. आधी रोजची कमाई दारूत जायची. दशांश बाजूला काढायचा म्हणून त्याने पहिल्यांदा आयुष्यात पैसे मोजले. दारू सुटली, रिक्षा स्वतःची झाली. तुमच्याकडे आला असता तर त्याला मागचा बाक मिळाला असता. तो आज साक्ष देतो, तर तुम्हाला त्यात ‘समृद्धीची शिकवण’ दिसते.

मोहननगरचा

मागच्या बाकाचं बोललात ते मान्य, अगदी लागलं. रिक्षावाल्या भावाचाही आनंद आहे. पण दारू सुटली म्हणून पैसा वाचला, हे सरळ आहे. ‘हजार टाक, देव लाख देईल’ हे निराळं आहे, आणि तुमच्या सभेत दोन्ही एकाच माइकवरून सांगतात.

मलाखीचं तेच वचन पुढे म्हणतं की माझ्या मंदिरात अन्न असावं म्हणून दशमांश आणा. ते अन्न कोणासाठी? अनुवाद १४:२८-२९ बघा. तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा ह्यांनी पोटभर खावं म्हणून. भांडाराला मागचं दार होतं. आपल्याकडे ते बंद करून त्यावर साउंड सिस्टिम ठेवली आहे.

आणि इब्री लोकांस ११ सभेत कधी पूर्ण वाचता का? विश्वासाने राज्ये जिंकणाऱ्यांच्या लगेच पुढे, करवतीने चिरलेले, मेंढरांची कातडी पांघरून वणवण फिरलेले लोक आहेत. त्यांचाही विश्वास वाखाणलाच आहे.

आशीर्वादित जरीपटका

करवतीवर लोक येत नाहीत, भाऊ. आशेवर येतात.

कोरा हिशोब

निदान प्रामाणिक उत्तर.

सदरची मेरीमावशी

मला दोघांचं पटत नाही. हिशोबीला देव नको, जरीपटक्याला देवाकडून व्याज हवं. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, रोजचा रोज मिळायचा. जास्त साठवला त्यात किडे पडले (निर्गम १६). प्रभूनेही रोजची भाकर मागायला शिकवली. माझी गरज भागली ती त्या रात्रीपुरती. दुसऱ्या दिवशी मी लोकांच्या घरी स्वयंपाकाला लागले. त्यात देव कुठे संपला आणि बाई कुठे सुरू झाली, मला सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही वाटत नाही.

मोहननगरचा

मावशी, हे प्रवचनात आलं असतं तर मी धागाच काढला नसता.

आता कामाचं. ह्याच सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. आणि आज आमच्या भागात दोन चर्च पाच मिनिटांवर आहेत, पण एकाच्या फंडातून दुसऱ्याच्या माणसाला मदत चालत नाही. कापणीच्या सणाला एक लिंबू लिलावात पाचशेला जातं, टाळ्या पडतात. ते पैसे कुठे जातात हे फलकावर लावा, असं मी कमिटीत मांडणार आहे.

सदरची मेरीमावशी

आकडा लाव. नावं लावू नकोस. मदत घेणाऱ्याचं नाव फलकावर आलं असतं तर मी त्या रात्री पिशवी परत पाठवली असती.

कोरा हिशोब

आकड्याला माझं अनुमोदन. मी चर्चला येत नाही, पण लिंबाच्या लिलावाला येतो.

आशीर्वादित जरीपटका

आमच्या पास्टरांना विचारून सांगतो. फलक लावतील असं वाटत नाही.