मार्ककृत शुभवर्तमान खरंच मार्कने लिहिलं का?

प्रश्न: लेखक मार्क होता हे कशावरून? आणि बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत (शुभवर्तमानांत) सर्वांत लहान, म्हणून याला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा संक्षेप मानायचं का?

उत्तर १: आधी ‘कृत’ बाजूला ठेवा. जुन्या ग्रीक हस्तलिखितांतलं शीर्षक ‘काता मार्कोन’, म्हणजे ‘मार्कनुसार’. मजकुरात लेखक स्वतःचं नाव कुठेच सांगत नाही. नाव येतं ते हिएरापोलिसचा बिशप पपियास याच्याकडून: मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाषा, त्याने आठवेल ते नेमकं लिहिलं, पण क्रमाने नाही. हे दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातलं, आणि आपल्यापर्यंत पोचलंय चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस याच्यामुळे. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (१ पेत्र ५:१३, म्हणजे अध्याय ५, वचन १३) ‘माझा मुलगा मार्क’ आहे खरा. पण तो आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला (१२:१२) योहान मार्क एकच, हे परंपरेने जोडलेलं आहे.

उत्तर २: संक्षेप म्हणणारा ऑगस्टिन, जुना ख्रिस्ती धर्मपंडित. पडताळा सोपा आहे. याइराची मुलगी आणि रक्तस्रावाची स्त्री ही येशूच्या चमत्कारांची जोडकथा दोन्हीकडे काढा. मार्क ५:२१-४३, २३ वचनं. मत्तय ९:१८-२६, फक्त ९! वैद्यांपायी सगळा पैसा गेला, गर्दी रेटतेय आणि शिष्य उलट बोलतात, ‘तलीथा कूम’ हे अरामी शब्द, यातलं काहीच मत्तयात नाही. ग्रंथ लहान, पण प्रसंग लांब. मत्तयात असलेली येशूची जन्मकथा मार्कमध्ये नाही, डोंगरावरचं प्रवचन नाही. संक्षेप करणारा नेमकं हेच गाळून वैद्यांचा खर्च वाढवेल का? म्हणून बहुतेक अभ्यासक मार्क आधीचा, साधारण इ.स. ७० च्या आसपासचा मानतात.

एका कथेच्या पोटात दुसरी घालणं ही मार्कची खास खोड. मार्क ११:१२-२५ मध्ये अंजिराचं झाड आणि मंदिर तसंच वाचा, सुटं नको.

उत्तर ३: रोममध्ये लिहिलं याला पुरावा म्हणून लॅटिन शब्द दाखवतात. ‘केन्तुरिओन’ (शंभर सैनिकांचा अधिकारी, १५:३९) सारखे लष्करी शब्द साम्राज्यात सगळीकडे चालत, त्यांवर भिस्त नको. १२:४२ जास्त वजनदार: दोन लेप्ता (अगदी छोटी नाणी) म्हणजे किती, हे तो क्वाड्रन्स या रोमन नाण्यात सांगतो.

शेवटाबद्दल एक. १६:९-२० वरून मार्कची शैली ठरवू नका. सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातल्या बायबलच्या हस्तलिखित प्रतींत ती वचनं नाहीत. तिथे मजकूर १६:८ ला, येशूच्या कबरीवर गेलेल्या स्त्रिया भ्याल्या होत्या इथेच थांबतो.