अनुभव धागा: भुयारी गाड्यांच्या आठवणी आणि फळीवरचं डॉलिस हिल

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं माझ्या खोलीतल्या अडीच मीटर लांबीच्या फळीवर मी लंडनचं डॉलिस हिल स्टेशन उभं करतोय. काळ धरलाय १९९३चा. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई-बाबांबरोबर तिथे उतरून आम्ही महाराष्ट्र मंडळात जायचो. मंडळ १९३२पासूनचं. माझ्यासाठी मात्र मंडळ स्टेशनच्या फलाटावरच सुरू व्हायचं, कारण गाडीतून उतरल्या उतरल्या कानावर मराठी पडायचं.

हे स्टेशन निवडायचं दुसरं कारण रुळांचं. फलाट मधोमध, बेटासारखा. त्याच्या दोन्ही अंगांना ज्युबिली लाइनची बुटकी गाडी थांबते, आणि तिच्याही बाहेरच्या रुळांवरून मेट्रोपॉलिटन लाइनची धिप्पाड गाडी न थांबता धडधडत निघून जाते. दोन्हींचं नाव अंडरग्राउंड, आणि इथे दोन्ही उघड्या आभाळाखाली. बुटकी गाडी खोल, गोल बोगद्यात मावावी म्हणून साधारण २.८८ मीटर उंच, तर मोठी ३.६९ मीटर. माझं प्रमाण १:७६, म्हणजे एक ३८ मिलिमीटर आणि दुसरी ४८. या दहा मिलिमीटरच्या फरकासाठीही मी हे स्टेशन निवडलं.

मापं छापील आराखड्यांत मिळतात. मोठ्या गाडीचा, म्हणजे ए-६०चा, डबा सुमारे ५३ फुटांचा. माझ्याकडे तो २१२ मिलिमीटर होतो आणि आठ डब्यांची गाडी १.७ मीटर. रुळांच्या बाबतीत मात्र तडजोड करावी लागली. या प्रमाणात दोन रुळांत १८.८३ मिलिमीटर हवेत, पण बाजारातले रूळ १६.५चेच. ते मी स्वीकारलं. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. डबे तयार आहेत, रंग झालाय, दिवे लागतात, पण बघताना ते "माझं" स्टेशन वाटत नाही.

म्हणून हा धागा. ज्यांनी त्या जुन्या गाड्यांतून प्रवास केला, तिथे काम केलं, किंवा घरी त्यांची मॉडेलं केली, त्यांनी लिहावं. सनावळी नसली तरी चालेल. हाताला, कानाला, नाकाला काय आठवतं ते हवंय.

*

पिनर, लंडन

मी १९६८ साली साताऱ्याहून नर्स म्हणून आले. तुमची ए-६० माझ्या सगळ्या नोकरीभर होती. त्या गाड्या १९६१मध्ये सुरू झाल्या आणि २६ सप्टेंबर २०१२ला शेवटची धावली. निवृत्त झाल्यावरही काही वर्षं मी तीतूनच हिंडले.

आसनं आडवी, एका बाजूला तिघांची आणि दुसऱ्या बाजूला दोघांची. तिघांच्या बाकावर तिघं बसायची ती उन्हाळ्यात. हिवाळ्यात जाड कोट घालून तिसरा माणूस टेकला की अर्धा वाटेतच असायचा. डोक्यावर सामानाची फळी होती, आपल्या पॅसेंजर गाडीसारखी. आसनाला मोकेट नावाचं जाड लोकरी कापड. साडीतून ते टोचत नसे, पण पहिल्यांदा स्कर्ट घालून कामावर गेले त्या दिवशी पोटऱ्यांना टोचलेलं अजून आठवतं.

रात्रपाळी संपवून मी सकाळी घरी निघायचे, तेव्हा शहराकडे जाणारी गाडी खचाखच आणि माझी रिकामी. किती वेळा तरी झोप लागून पिनर मागे पडलं. रिकमन्सवर्थच्या पुढे मुलूखच बदलतो. चिल्टर्नच्या टेकड्या, बीचची झाडं. अ‍ॅमरशॅम समुद्रसपाटीपासून जवळजवळ दीडशे मीटरवर आहे, तिथे उतरलं की गारठा चटकन कळायचा. ऑक्टोबरात पानं तांब्याच्या कळशीच्या रंगाची व्हायची. पहिल्यांदा चुकून गेले. नंतरच्या काही वेळा मी जागीच होते आणि तरी पिनरला उतरले नाही. घरी कोणी वाट बघणारं नव्हतं तेव्हाची गोष्ट.

तुमच्यासाठी एकच सांगते. डब्यात आतून पांढरा रंग देऊ नका. जुलै १९८४मध्ये बंदी येईपर्यंत गाडीत लोक सिगारेटी ओढायचे. छत, खिडक्यांच्या कडा, सगळं पिवळट पडलेलं असे. धुतलं तरी कोपऱ्यात ते राहायचंच.

*

ठाणे

मी कारशेडमध्ये विजेचं काम ३४ वर्षं केलं. आपल्या लोकलला त्या वेळी वरच्या तारेतून १५०० व्होल्ट डीसी यायचं आणि परतीची वाट रुळांतून. लेकीकडे वेम्बलीला गेलो तेव्हा स्टेशनवर चार रूळ बघून मी दोन गाड्या सोडून दिल्या आणि नुसता बघत उभा राहिलो.

दोन रूळ चाकांचे. बाहेरच्या तिसऱ्यात अधिक ४२०, मधल्या चौथ्यात उणे २१०, मिळून ६३०. कारण कळलं तेव्हा फार बरं वाटलं. परतीचा प्रवाह चाकांच्या रुळांतून सोडला तर तो बोगद्याच्या ओतीव लोखंडी अस्तरात आणि आजूबाजूच्या नळांत शिरून त्यांना खाऊ शकतो. म्हणून त्याला स्वतंत्र रूळ दिला. आम्हीही जमिनीत पळणाऱ्या प्रवाहाशी जन्मभर झगडलो, त्यामुळे हा खर्च कोणी आणि का केला असेल ते समजतं.

दादा, तुम्ही मला ज्युबिलीच्या रुळांचं चित्र पाठवलंत, त्यात एक चूक आहे. बाहेरचा अधिक दाबाचा रूळ तुम्ही फलाटाला लागून टाकलाय. तो फलाटाच्या पलीकडच्या अंगाला हवा. माणूस खाली पडला तर त्याचा हात आधी तिथे पोचू नये म्हणून. तुमचा फलाट मधोमध आहे, तेव्हा दोन्हीकडे तो बाहेर जाईल. चाकाच्या रुळापासून १६ इंच अंतर, म्हणजे तुमच्याकडे ५.३ मिलिमीटर, आणि उंची चाकाच्या रुळापेक्षा एक मिलिमीटर जास्त. मधला त्याच्या निम्म्याने. खालचे चिनी मातीचे इन्सुलेटर विसरू नका. ते पांढरे राहत नाहीत, ब्रेकच्या भुकटीने गंजाच्या रंगाचे होतात.

*

ईस्ट फिंचली, लंडन

माझे बाबा नॉर्दर्न लाइनवर गार्ड होते. १९५९च्या बनावटीची गाडी. गार्डला वेगळी खोली नव्हती. शेवटच्या डब्याच्या टोकाला, प्रवाशांमध्येच, भिंतीवर दारांच्या बटणांची पाटी असायची आणि तिथे ते उभे. दारं बंद करायची, घंटी द्यायची, आणि गाडी फलाट सोडेपर्यंत आपल्या उघड्या दारातून मागे बघत राहायचं.

ईस्ट फिंचलीहून बँक स्टेशनमार्गे मॉर्डनला जाणारा बोगदा २७.८ किलोमीटरचा आहे. हिवाळ्यात बाबा अंधारात घर सोडायचे, दिवसभर अंधारात काढायचे आणि अंधारातच परत यायचे. रविवारी जेवण झाल्यावर ते अंगणात खुर्ची टाकून बसत, पाऊस नसेल तर कितीही थंडी असो. आई म्हणायची, बसू दे त्यांना. आम्हाला तेव्हा कळत नसे.

गार्ड असलेली शेवटची गाडी २७ जानेवारी २०००ला धावली. बाबा त्याआधीच निवृत्त झाले होते. २०१६मध्ये ते गेले आणि मी मॉडेल करायला घेतलं. आख्खी गाडी नाही. डब्याचं फक्त ते एक टोक, १:४३ प्रमाणात: खोबणींची लाकडी जमीन, धरायला छतातून लोंबणारे गोळे, बटणांची पाटी आणि दारात उभे बाबा. चार महिने लागले. आईला दाखवलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पिशवी डाव्या खांद्यावर अडकवायचे रे. उजवा हात बटणाला लागायचा."

मी पिशवी डावीकडे घेतली. त्यानंतर आईने ते मॉडेल देवघराच्या शेजारच्या फडताळात ठेवलं, ते अजून तिथेच आहे.

*

कोथरूड, पुणे

मला लंडनमध्ये जुनी गाडी मिळाली नाही, समुद्रावर मिळाली. १९३८च्या बनावटीच्या लाल ट्यूब गाड्या लंडनने १९८८मध्ये काढल्या आणि त्यातल्या काही इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावर गेल्या. तिथल्या राइड गावाच्या बोगद्याची उंची कमी, मोठी गाडी मावत नाही. मी २०१९मध्ये गेलो तेव्हा त्या ऐंशी पार केलेल्या होत्या. जानेवारी २०२१मध्ये थांबल्या.

राइडला स्टेशन थेट धक्क्याच्या टोकावर आहे. खाली पाणी, आणि जमिनीच्या पोटात धावण्यासाठी बनवलेली गाडी लाटांवरून डुलत निघते. थांबली की खालचा कॉम्प्रेसर ठकठक करू लागतो, हवा भरली की एकदम गप्प. त्या गप्प होण्याने सगळा डबा शांत व्हायचा. मी चाळीस मिनिटं आवाज टिपून आणला आणि माझ्या ईएफई कंपनीच्या १९३८ गाडीच्या मॉडेलमध्ये आवाजाची चिप बसवली. सल्ला असा की आवाज अगदी लहान ठेवा. मोठा केला की गाडी खेळणं वाटते.

*

नाशिक (पूर्वी लंडनमध्ये शिक्षण)

थोडक्यात लिहितो. बाबासाहेब किंग हेन्रीज रोडवर ज्या १० नंबरच्या घरात राहिले, तिथे जायला चॉक फार्मला उतरावं लागतं. स्टेशन १९०७चं, लेस्ली ग्रीन यांच्या नकाशाचं, दोन रस्त्यांच्या बेचक्यात पाचरीसारखं बसवलेलं, बाहेरून रक्तवर्णी चकचकीत फरशा. १४ एप्रिलला आम्ही विद्यार्थी तिथून चालत जायचो. त्या दर्शनी भागाचं मी पुठ्ठ्याचं मॉडेल केलंय. फरशीचा रंग एका हाताने येत नाही. आधी तपकिरी, वर पातळ लाल, आणि शेवटी नखांच्या पारदर्शक पॉलिशचे दोन हात.

*

क्रॉयडन

सगळे गोड लिहितायत म्हणून हेही लिहिते. लाकडी सरकत्या जिन्यांचा खडखडाट मलाही आवडायचा. १८ नोव्हेंबर १९८७ला संध्याकाळी मी किंग्ज क्रॉसला त्या जिन्यावरून वर आले आणि घरी पोचून टीव्ही लावला. पेटती काडी पायऱ्यांच्या खाली पडली होती, तिथे वर्षांचं ग्रीस आणि कचरा साठलेला होता. ३१ माणसं गेली. त्यानंतर कित्येक वर्षं लाकडी जिना दिसला की मी पायऱ्यांनी जायचे. ग्रीनफर्डचा शेवटचा लाकडी जिना २०१४मध्ये काढला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मॉडेल करणाऱ्यांनी जिना जरूर करावा, आणि त्याच्या फटींतला कचराही करावा.

*

धागाकर्ता

सगळ्यांचं वाचून मी शनिवारी फळीवर बसलो ते रात्री उठलो.

ठाण्याचे काका, रूळ उपटून बाहेरच्या अंगाला टाकला, इन्सुलेटर गंजाच्या रंगाचे केले. पिनरच्या ताई, ए-६०ची छपरं काढून आतला पांढरा रंग चहाच्या पाण्यासारख्या पातळ रंगाने मळवला. मग दिवे लावले आणि पहिल्यांदाच खिडक्यांतून ओळखीचा उजेड आला. ईस्ट फिंचलीच्या दादा, माझ्या काळापर्यंत या दोन्ही लाइनींवर गार्ड उरले नव्हते, म्हणून तुमच्या बाबांना फलाटावर घेतलंय. सुटीच्या दिवशी मंडळात निघालेले. पिशवी डाव्या खांद्यावर.

क्रॉयडनच्या ताई, भुयारी वाटेच्या जिन्याखाली कागदाचे कपटे टाकलेत. आधी तिथे काहीच नव्हतं.

आणि तुमचं वाचता वाचता मलाही एक आठवलं. मोठी गाडी न थांबता जायची तेव्हा फलाटावरच्या बायका बोलता बोलता हात वर न्यायच्या आणि पदर धरायच्या. बोलणं थांबायचं नाही. गाडी गेली की हात खाली. साडीतल्या माणसांचे पुतळे या प्रमाणात मला कुठे मिळाले नाहीत, म्हणून मी ते टिश्यू पेपर आणि गोंदाने करतो, एकेक जेमतेम दोन सेंटिमीटरचा. अकरा बायका झाल्या होत्या, सगळ्यांचे हात खाली. त्यातल्या सात जणींचे हात मी काल कापून पुन्हा बसवले. चार बाकी आहेत. त्यातली एक आई आहे, आणि तिच्या दुसऱ्या हातात माझा हात होता, तो कोणता ते तिला फोन करून विचारतो.