मदत हवी आहे: कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीवर १९९० च्या आसपास उतरलेलं ते मोठं विमान नक्की कुठलं?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज वेळ काढून सगळं सविस्तर टाकतोय, थोडं लांबेल पण कृपया पूर्ण वाचा.

माझं आजोळ गोकुळ शिरगावचं. मामा तिथल्याच एका फौंड्रीत टर्नर होते. शाळेला सुट्टी लागली की मी एप्रिल-मेचे दोन महिने तिथंच असायचो. विमानतळ अगदी जवळ, पण तेव्हा तिथं फार काही यायचं नाही, कधीतरी वायुदूत कंपनीचं छोटं डॉर्निअर विमान, कधी एखाद्या मंत्र्याचं विमान, बाकी सगळं शांत. धावपट्टीच्या कडेनं तारेचं कुंपण आणि पलीकडं गवत, आमच्यासारखी पोरं तिथं करवंदं खात बसायची.

तर एका दुपारी, ऊन चांगलंच होतं, असा आवाज आला की घरातली भांडी थरथरली. मामा दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होते, डबा तसाच टाकून मला सायकलच्या नळीवर बसवलं आणि निघाले. आम्ही पोचलो तेव्हा ते उतरून उभं होतं. राखाडी-हिरवट रंग, पंख अंगाच्या वर, आणि आमच्या त्या डॉर्निअरच्या मानानं केवढं तरी मोठं. आसपासच्या गावची माणसं कुंपणाला लागून उभी होती, बायका डोक्यावरची पाटी तशीच धरून बघत होत्या. पुढं काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यानंच आठवतं. पण विमानाचं मागचं पोट उघडं होतं आणि त्याला एक ट्रक पाठ लावून उभा होता एवढं मला आजही डोळ्यासमोर दिसतं. तासाभरानं ते निघालं, धावपट्टीच्या पार टोकाला गेलं, वळलं, आणि एवढ्या आखूड जागेत कसं उठणार म्हणून सगळे श्वास धरून उभे होते, ते उठलं. धूळ आमच्या तोंडात.

आता अडचण सांगतो. मामा येत्या दिवाळीनंतर पंचाहत्तर पूर्ण करतायत. आम्ही सगळ्या भाच्यांनी ठरवलंय की त्यांना त्या विमानाचं मोठं चित्र फ्रेम करून द्यायचं, कारण ही गोष्ट त्यांनी आम्हाला शंभर वेळा सांगितलीय. पण विमान कुठलं तेच ठरत नाही. मामा म्हणतात, "आरं चार पंखं हुतं त्याला, मी डोळ्यानं बघितलंय." मला मात्र दोनच इंजिनं आठवतात. मामेभाऊ विमानांचं बरंच वाचतो, तो म्हणतो चार असतील तर ते हर्क्युलस, म्हणजे ते मोठं अमेरिकन मालवाहू विमान, पण त्याच दमात असंही म्हणतो की तेव्हाच्या धावपट्टीवर एवढं मोठं विमान उतरूच शकत नव्हतं, तुम्ही दोघांनी दुसरीकडं कुठंतरी बघितलं असणार. हे ऐकलं की मामा गप्प होतात. मला ते बघवत नाही. त्या माणसानं त्या दिवशी पाळी बुडवली होती माझ्यासाठी.

एक पुरावा सापडलाय. मामीला कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहायची सवय. गेल्या महिन्यात जुनी ट्रंक आवरताना तळाला अंथरलेलं त्यातलं एक पान निघालं. वरचा भाग फाटलेला, महिना आणि वर्ष दोन्ही गेलंय. पण २२ तारखेच्या घरात दुधाच्या खाली मामीच्या अक्षरात लिहिलंय "मोठं इमान". २२ ला शुक्रवार आहे. १६ तारखेला, शनिवारी, पौर्णिमेची खूण आहे. आणि शेवटची तारीख ३१, रविवार. मामी आता नाहीत, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं.

तर माझे प्रश्न:
वर्ष कुठलं असेल हे कुणाला काढता येईल का?
विमान कुठलं असावं?
आणि त्या काळात उजळाईवाडी, तामगाव, मुडशिंगी, गोकुळ शिरगाव भागात राहणाऱ्या कुणाला हे आठवतंय का, कुणाकडं फोटो आहे का?

—

पंचांगवाला:

वर्षाचं मी सांगतो, हे सोपं आहे. तुम्ही सुट्टीत म्हणताय म्हंजे एप्रिल किंवा मे, एप्रिलला ३१ नसते, म्हणून मे. मे महिन्याच्या २२ ला शुक्रवार १९८१, १९८७, १९९२ आणि १९९८ ला येतो. आता पौर्णिमा बघा. मे महिन्यातली ती बुद्ध पौर्णिमा. १९८७ ला ती १३ मे ला होती, १९९८ ला ११ मे ला. १६ मे, शनिवार, ही १९९२ ची. १९८१ ला तर ती १९ च्या आसपास जाते. म्हणजे तुमच्या मामींनी ते शुक्रवार, २२ मे १९९२ ला लिहिलंय. दुसरं वर्ष बसतच नाही. ते पान जपून ठेवा, लॅमिनेट करू नका, शाई उडते, नुसतं प्लास्टिकच्या पाकिटात घाला.

—

धागाकर्ता:

दादा काय बोलू. मी तेव्हा चौथी पास होऊन पाचवीत जाणार होतो, बरोबर बसतंय. खूप खूप धन्यवाद. मामांना लगेच फोन केला, ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले "शुक्रवारच हुता, बाजाराच्या आदल्या दिवशी."

—

माजी वायुसैनिक, सध्या कागल:

वर्ष कळलं हे फार चांगलं झालं, त्यामुळं निम्मं काम झालं. हर्क्युलसचा विषय सोडा. आपल्या वायुसेनेत ते, म्हणजे सी-१३०जे, २०११ ला आलं, १९९२ ला आपल्याकडं ते नव्हतंच. त्या काळात पंख वर आणि मागून पोट उघडणारी पंख्याची विमानं म्हणजे दोनच, एएन-१२ आणि एएन-३२.

एएन-१२ हे चार इंजिनांचं, १९६१ पासून होतं आणि १९९३ ला निवृत्त झालं, म्हणजे तुमच्या तारखेला ते सेवेत होतं. मामांचं चार त्यामुळं एकदम खोटं म्हणता येत नाही. पण ते लांबीला ३३ मीटर, पूर्ण भरलं की ६१ टन. उजळाईवाडीची धावपट्टी तेव्हा साधारण १३७० मीटर. वर मे महिन्याचं ऊन, आणि आपलं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. गरम हवा पातळ असते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते, धाव लांबते. भर दुपारी मेमध्ये तिथं एएन-१२ घालायला मी तरी धजलो नसतो.

एएन-३२ वेगळं. ते मुळात आपल्या देशासाठीच बनवलं, गरम हवा आणि उंच जागा डोळ्यासमोर ठेवून. १९८४ पासून यायला लागलं, वायुसेनेत त्याला सतलज म्हणायचे. जुनं एएन-२६ घेतलं आणि त्याला जवळजवळ दुप्पट ताकदीची इंजिनं लावली, एकेक पाच हजार हॉर्सपॉवरच्या वर. पूर्ण भरून २७ टन. लेहसारख्या ठिकाणी जाणारं विमान ते, आणि भार कमी असेल तर अशी धावपट्टी त्याला पुरते. तुमच्या मामेभावाला हे जरूर सांगा.

आता आवाजाची गंमत बघा, आवाजावरून ही दोन ओळखणं अवघड, कारण दोघांत इंजिन एकाच घराण्यातलं, एआय-२०. म्हणून भांडी थरथरली हा पुरावा दोन्हीकडं चालतो.

तर मामांना या तीन गोष्टी विचारा, पण उत्तर सुचवू नका, नुसतं विचारा. एक, इंजिनं पंखाच्या खाली लटकत होती का वर बसवलेली. एएन-३२ चे पंखे एवढे मोठे आहेत की इंजिन पंखाच्या डोक्यावर नेऊन बसवलंय, जगात फार कमी विमानांना असं आहे, एकदा बघितलं की माणूस विसरत नाही. दोन, ट्रक खरोखर पाठ लावून उभा होता का. एएन-३२ चं मागचं दार नुसतं खाली पडत नाही, ते सरकून पोटाखाली जातं, मग ट्रक मागं घेऊन ट्रकची आणि विमानाची जमीन जुळवून थेट माल चढवता येतो. एएन-१२ ला तसं नाही, त्याची दारं आत वर उघडतात. तीन, शेपटीखाली काचेची खोली होती का, एएन-१२ च्या शेपटीत तोफची बसायचा, एएन-३२ ला ते नाही.

—

तामगावचा:

मी तेव्हा आठवीत होतो. तारीख वगैरे आठवत नाही पण एक मोठं लष्कराचं विमान आलेलं मलापण आठवतं, आमचे आजोबा म्हणाले होते की राजाराम महाराजांनी १९३९ ला विमानतळ केला तेव्हापासून एवढं धूड आपण बघितलं नाही. गुरं बुजली होती, आमची एक म्हैस दोर तोडून नेर्लीच्या बाजूला गेली ती रात्री सापडली. इंजिनं किती ते नाही सांगू शकत, मी म्हशीमागं होतो. पण पुढच्या बाजूला, पायलटच्या जरा मागं, डाव्या अंगाला एक काचेचा फुगा बाहेर आला होता, त्यातून एक माणूस हात हलवत होता आणि आम्ही सगळ्यांनी हात हलवला. एवढं पक्कं.

आणि एक सुचवतो. करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन जुन्या पेपरच्या फायलींची चौकशी करा. पुढारी, सकाळ, २३ आणि २४ मे १९९२ चे अंक. एवढं विमान आलं तर एखादी चौकट तरी आली असेल.

—

माजी वायुसैनिक, सध्या कागल:

तामगावकर, तो काचेचा फुगा म्हणजे नॅव्हिगेटरची जागा, तिथून खाली बघून वाट शोधायची. एएन-३२ ला तो डाव्या बाजूलाच असतो. माझं मत आता जवळजवळ पक्कं आहे, तरी मामांचं ऐकू.

—

शिरोली पुलाची:

मला १९९२ चं काही माहीत नाही, माझा जन्म नंतरचा. पण धागा वाचून २०१९ चा महापूर आठवला म्हणून लिहितेय. आमच्याकडं हायवेवर पाणी, पुणे-बंगळूर रस्ता बंद, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४३ आणि पाणी त्याच्याही बारा फूट वर. दूध नाही, पेट्रोल नाही. आम्ही गच्चीवर बसून उजळाईवाडीच्या दिशेनं जाणारा प्रत्येक आवाज ऐकायचो. माझे पप्पा म्हणायचे, विमानतळ आहे तोवर कोल्हापूर बेट झालं तरी एकटं नाही. तेव्हा कुणी कुठलं विमान आलं ते लिहून ठेवलं असेल तर वेगळा धागा काढा प्लीज, नाहीतर तीस वर्षांनी आपणपण असंच शोधत बसू. काकांना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा.

—

धागाकर्ता:

काल रविवारी मुद्दाम गोकुळ शिरगावला जाऊन आलो. वायुसैनिक काकांनी सांगितलं तसं काहीही सुचवलं नाही. मामांचा हात आता थरथरतो म्हणून पेन नाही दिला, खडू दिला आणि म्हटलं, "मामा, शहाबादीवर काढा बघू कसं होतं ते."

मामांनी आधी लांब सिगारसारखं अंग काढलं. मग शेपूट, तीही चांगली उंच. मग अंगाच्या वर आडवा पंख. मग थांबले बराच वेळ. मग पंखाच्या वर, खाली नाही, वर, दोन डबे काढले. एक इकडं, एक तिकडं. मी काही बोललो नाही. मग त्या प्रत्येक डब्यापुढं त्यांनी मोठी अधिकची खूण काढली आणि खडूनं टोकं मोजली, "एक, दोन, तीन, चार. चार पंखं. मी काय खोटं बोलतुय व्हय?"

म्हणजे मामा तेहतीस वर्षं पात्यांना पंखं म्हणत होते आणि आम्ही इंजिनं समजत होतो. मामेभाऊ बाजूलाच उभा होता, तो खाली बसला आणि मामांच्या पायाला हात लावला.

ट्रकचं विचारलं तर म्हणाले, "पार पोटाला चिकटवला हुता, फळीबी नाय लागली." शेपटीत काच नव्हती म्हणतात.

तर फ्रेममध्ये एएन-३२ जाणार. आता दोन गोष्टी राहिल्यात. त्या शुक्रवारी ते आलं कशासाठी आणि ट्रकमधून काय उतरवलं किंवा चढवलं हे कुणाला माहीत असेल तर कृपया लिहा, वाचन मंदिरात मी शनिवारी जाणार आहे, काही मिळालं तर इथंच टाकतो. आणि फोटो. कुंपणाला लागून शंभरभर माणसं होती, कुणाच्यातरी घरी क्लिक थ्रीचा कॅमेरा असणारच, कुणाच्यातरी अल्बममध्ये लग्नाच्या फोटोंमागं एखादा चिकटलेला असेल. जुने अल्बम एकदा बघा ही विनंती. विमान नीट दिसत नसलं तरी चालेल, कुंपण आणि माणसं दिसली तरी चालतील, त्यात सायकलजवळ निळ्या खाकीतला एक माणूस आणि त्याच्या खांद्यावर एक पोरगं असेल तर मला लगेच कळवा.