एब्स्टाइन अनॉमली : भाचीच्या शस्त्रक्रियेसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. माझ्या 7 वर्षांच्या भाचीला एब्स्टाइन अनॉमली हा दुर्मीळ जन्मजात हृदयविकार आहे. हृदयाच्या उजव्या बाजूची झडप खाली सरकलेली असल्याने रक्त मागे फिरते, आणि वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यालाही छिद्र असल्यामुळे एक जिना चढला तरी तिची नखे निळसर पडतात. कृत्रिम झडप वाढत्या वयात पुढे लहान पडते. म्हणून तिच्याच झडपेच्या पाकळ्या सोडवून त्यांना शंकूचा आकार देणारी, ब्राझीलचे शल्यविशारद जोसे पेद्रो दा सिल्वा यांनी विकसित केलेली ‘कोन’ शस्त्रक्रिया व्हावी, असे आम्हांला मनापासून वाटते. मुंबई-पुण्यात लहान मुलांवर ती नियमित करणारे शल्यविशारद कोणाला माहीत आहेत का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून खर्चाची मंजुरी मिळालेल्या पालकांनी कोणती कागदपत्रे लागली, हेही कृपया कळवावे.