केल्विनचा हिशेब किरणोत्सर्गामुळे चुकला, हे खरे नाही

कातळवाट
पृथ्वीच्या वयाची गोष्ट आपण सगळे साधारण अशी ऐकतो: ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनने वय फार कमी काढले, कारण किरणोत्सर्गातून, म्हणजे काही अणू आपोआप फुटताना, उष्णता निघते हे त्याला ठाऊक नव्हते. ते कळले आणि वाद मिटला. मला हे पटत नाही.

1862 मध्ये केल्विनने काय धरले होते ते बघा. पृथ्वी सुरुवातीला वितळलेल्या खडकाइतकी, सुमारे 7000 अंश फॅरनहाइट तापलेली होती. नंतर ती आतपर्यंत घट्ट झाली आणि उष्णता केवळ वहनाने, म्हणजे खडक न हलता त्यातून झिरपत, बाहेर पडत राहिली. खाणीत उतरताना दर 50 फुटांना साधारण 1 अंश तापमान वाढते, हे मोजलेले होते. त्यावरून वय आले 9.8 कोटी वर्षे. अनिश्चितता धरून 2 ते 40 कोटी.

गडबड 'आतपर्यंत घट्ट' या गृहीतकात आहे. केल्विनचाच एकेकाळचा सहायक जॉन पेरी याने 1895 मध्ये 'नेचर'मध्ये ते दाखवून दिले. पृथ्वीचा आतला भाग थोडा जरी वाहता असेल तर खोलातली उष्णता वर येत राहते, वरच्या थरातली तापमानवाढ टिकते आणि वय 200-300 कोटींपर्यंत सहज जाते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बेकरेलला किरणोत्सर्ग दिसला तो 1896 मध्ये. म्हणजे चूक त्याआधीच सापडली होती, फक्त ऐकून घेतली गेली नाही.

शिवाय घट्ट पृथ्वीत 10 कोटी वर्षांत वरच्या शंभरेक किलोमीटरचीच उष्णता बाहेर पडू शकते. तेवढ्या थरातल्या युरेनियम-थोरियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांची उष्णता मिळवली तरी केल्विनचे उत्तर फारसे हलत नाही.

उष्मागतिक
पेरीबद्दल सहमत, पण तुम्ही केल्विनवर अन्याय करताय. त्याच्याआधी भूवैज्ञानिकांकडे काय होते? 1788 मध्ये भूवैज्ञानिक हटन होडीतून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या सिकार पॉइंटला गेला. तिथे करडे थर जवळजवळ उभे आहेत, आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर तांबडा वालुकाश्म पसरला आहे. थर साचायचे, उभे व्हायचे, झिजायचे, त्यावर पुन्हा साचायचे, याला प्रचंड काळ लागणार हे त्याने अचूक ओळखले. पण किती, याचे उत्तर नव्हते. 'आरंभाचा मागमूस नाही, अंताची चाहूल नाही' यावर गाडी अडली. डार्विनने 1859 मध्ये इंग्लंडच्या वील्ड भागाची झीज 30 कोटी वर्षांची धरली आणि टीका झाल्यावर 1861 च्या आवृत्तीत तो आकडाच काढून टाकला. उष्णता सतत बाहेर जात असताना काळ अमर्याद मानता येत नाही, हे केल्विनने ठणकावून सांगितले. मोजायची सवय त्याने लावली.

घाटमाथा
मोजायची सवय चांगलीच, पण जीवशास्त्रज्ञ हक्सलीने केल्विनला 1869 मध्येच सुनावले होते: गणिताचे जाते कितीही उत्तम असो, त्यात जे टाकाल त्याचेच पीठ निघणार.

आपल्याकडचे उदाहरण देतो. सह्याद्रीच्या कुठल्याही घाटात रस्त्यासाठी कापलेली भिंत नीट बघा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये मधूनच तांबडा पट्टा दिसतो. दोन लाव्हांच्या मधल्या उसंतीत खालच्या थराचा माथा कुजून तो झाला आहे. हा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. 1897 मध्ये केल्विनने पृथ्वीचे वय 2 ते 4 कोटींवर आणले होते. त्यात हा कातळसुद्धा बसत नाही, आणि त्याच्याखालचे खडक तर त्याहून कितीतरी जुने.

सांजवेळ
आपल्याकडे 432 कोटी वर्षांचा कल्प आधीच सांगितला होता की. याचा उल्लेख कुणीच का करत नाही?

कातळवाट
@सांजवेळ, काळाची एवढी भव्य कल्पना आपल्या परंपरेत होती याचा मलाही अभिमान आहे. पण तो आकडा युगांच्या गणितातून आला, खडक मोजून नाही. भूरसायनशास्त्रज्ञ पॅटरसनने 1956 मध्ये उल्केतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) पृथ्वीचे वय 455 कोटी काढले. दोन आकडे जवळ आले एवढ्यावरून त्यांचा संबंध जोडता येत नाही.

@उष्मागतिक, माझा आक्षेप 1862 च्या केल्विनवर नाहीच. पेरीला उत्तर देताना त्याने स्वतः लिहिले की वरची मर्यादा 40 ऐवजी कदाचित 400 कोटी ठेवायला हवी होती. हे लिहिणारा माणूस दोनच वर्षांत 2 ते 4 कोटींवर येतो, हे कसे समर्थनीय?

उष्मागतिक
सूर्यामुळे. सूर्य आकुंचन पावून उष्णता देतो, यापलीकडे तेव्हा कुणाकडे हिशेब नव्हता, आणि त्यातून जेमतेम काही कोटी वर्षे निघत. पृथ्वी कितीही जुनी म्हणा, तिच्यावर ऊन कुठून आणणार? पेरीच्या वाहत्या खडकांत याचे उत्तर नव्हते. 1899 मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक चेंबरलिनने अणूंत अफाट ऊर्जा दडलेली असू शकते असे सुचवले, पण हातात पुरावा काही नव्हता. त्या घडीला मी केल्विनच्या जागी असतो तर सूर्याचाच हिशेब धरला असता.

घाटमाथा
आणि मी खडकांचा. सूर्याच्या पोटात काय चालते ते कुणी पाहिले नव्हते. सिकार पॉइंटचे थर कुणालाही जाऊन बघता येत होते.