'जड पाणी' म्हणजे नेमके कोणते पाणी?

प्रश्न
'जड पाणी' हा शब्द दोन अर्थांनी वापरलेला दिसतो. एकदा साबणाला फेस येऊ न देणाऱ्या पाण्यासाठी आणि एकदा अणुभट्टीत वापरतात त्या पाण्यासाठी. यांपैकी बरोबर कोणता? आणि कठीण, दुष्फेन, मचूळ, खारे हे सगळे एकच का?

प्रतिसाद १
एकच नाहीत. बोलताना 'पाणी जड आहे, दाणा शिजत नाही' असे म्हणतात, त्यात चूक काही नाही. शास्त्रीय मजकुरात मात्र 'जड पाणी' हा शब्द अणुभट्टीतल्या पाण्यासाठी, म्हणजे ड्यूटेरियम ऑक्साइडसाठीच राखून ठेवावा. ड्यूटेरियम हा हायड्रोजनचाच जड प्रकार, या पाण्यात तो साध्या हायड्रोजनच्या जागी असतो. तिथे 'जड' अगदी शब्दशः खरे आहे. साध्या पाण्याच्या रेणूचे वस्तुमान १८, याचे २०. त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तरंगत नाही, बुडतो.

साबणाशी न जमणाऱ्या पाण्याला 'दुष्फेन' म्हणावे. फेन म्हणजे फेस. ज्याला फेस मुश्किलीने येतो ते दुष्फेन, सहज येतो ते सुफेन. 'कठीण पाणी' रूढ आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. दुष्फेन या शब्दातच परीक्षा सांगितलेली आहे.

प्रतिसाद २
ती परीक्षा करायची झाल्यास तीन परीक्षानळ्या घ्या. एकीत १० मिली ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, दुसरीत तपासायचे पाणी, तिसरीत तेच पाणी १० मिनिटे उकळून, गार करून, गाळून. उकळताना जेवढे आटले तेवढे ऊर्ध्वपातित पाणी घालून माप पूर्ववत करा. प्रत्येकीत साबणाच्या द्रावणाचे ५ थेंब टाका आणि सारखेच हलवा. दुसरीत फेसाऐवजी पांढरट साका आला तर पाणी दुष्फेन. पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन साबणाशी संयोग पावून न विरघळणारा पदार्थ तयार करतात, तोच साका. हे आयन संपेपर्यंत साबण वाया जातो, फेस नंतर येतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे साबणाऐवजी डिटर्जंट किंवा शाम्पू वापरणे. त्यांना दुष्फेन पाण्यातही फेस येतो, त्यामुळे परीक्षा फसते.

तिसऱ्या नळीत भरपूर फेस आला तर कठीणपणा बायकार्बोनेटांचा होता. उकळल्यावर त्यांचे कार्बोनेट होऊन ते तळाशी बसते. नाही आला तर क्लोराइड व सल्फेट आहेत, त्यांना धुण्याचा सोडा लागतो.

प्रतिसाद ३
यांना पुस्तकांत 'तात्पुरता' आणि 'कायमचा' कठीणपणा म्हणतात. 'कायमचा' या शब्दाने वाचक फसतो, कारण सोड्याने तोही जातो. 'उकळून जाणारा' आणि 'उकळून न जाणारा' असे लिहिले तर अर्थ नेमका राहतो.

आणखी एक, 'क्षार बसले' मधला क्षार. मराठीत क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी (बेस) यांच्या संयोगातून होणारा पदार्थ. हिंदीत मात्र तोच शब्द आम्लारीसाठी वापरतात. हिंदीवरून भाषांतर करणाऱ्याने हा शब्द जसाच्या तसा उचलला की 'पाण्यातले क्षार' आणि 'पाण्याचा अल्कधर्म' (आम्लारीपणा) यांची सरमिसळ होते.

प्रतिसाद ४
मचूळ आणि खारे हे चवीचे शब्द आहेत. मचूळ म्हणजे किंचित खारट, बेचव लागणारे. खारेपणा मुख्यतः सोडियम क्लोराइडचा असतो. दुष्फेन पाणी चवीला चांगलेही असू शकते. खाऱ्याच्या उलट 'गोडे पाणी', आणि ते 'गोड पाणी' नव्हे! गोड पाण्यात साखर असते, गोड्या पाण्यात खारेपणा नसतो.

प्रतिसाद ५
हे क्षार पाण्यात येतात कसे, हे कळले की शब्दही पक्के होतात. पाण्याचा रेणू ध्रुवीय आहे. ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण प्रभार, हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. म्हणून पाणी क्षारांतल्या आयनांना (प्रभारित कणांना) वेढून स्फटिकातून ओढून काढते. चुनखडी शुद्ध पाण्यात फारच थोडी विरघळते, पण पाण्यात कार्बन डायऑक्साइड असला की तिचे बायकार्बोनेट होते आणि ते सहज विरघळते. हीच अभिक्रिया उलटली की शंखशिंपल्यांची कवचे घडतात. म्हणजे साबणाला नडणारे कॅल्शियम जीवसृष्टीच्या उपयोगाचे आहे. दाणा न शिजण्याचे कारणही तेच: पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधून ठेवते.

प्रतिसाद ६
आता मूळ प्रश्नाकडे. 'जड पाण्यात तंबाखूचे बी रुजत नाही' हे वाक्य घ्या. ड्यूटेरियम ऑक्साइडबद्दल ते खरे आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्युइस यांनी १९३३ मध्ये शुद्ध जड पाण्यात तंबाखूचे बी घालून पाहिले, ते रुजले नाही. ड्यूटेरियमचे बंध अधिक मजबूत असल्याने पेशीतल्या अभिक्रिया मंदावतात आणि पेशीविभाजन अडते. सस्तन प्राण्याच्या शरीरातले निम्म्याच्या आसपास पाणी असे बदलले तर तो मरतो. घोटभर पिण्याने मात्र काही होत नाही. निसर्गात हायड्रोजनच्या सुमारे ६४०० अणूंमागे ड्यूटेरियमचा एक अणू असतोच, साध्या पाण्यातही.

दुष्फेन पाण्याबद्दल तेच वाक्य साफ खोटे ठरते. तिथे बी रुजते, रोप वाढते. तेव्हा भाषांतरात जिथे साबण, बॉयलर किंवा नळावरचा पांढरा थर यांचा संदर्भ असेल तिथे 'दुष्फेन', आणि अणुभट्टी किंवा ड्यूटेरियम असेल तिथेच 'जड'.